पाहुण्यांचं डिस्नेलँड, कामगारांचं डिस्नेलँड: वॉल्ट डिस्नेची गोष्ट

१९५५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम गावात डिस्नेलँड सुरू झालं. तिथे काम करणाऱ्यांसाठी कडक नियम होते आणि पुरुषांसाठी त्यातला एक असा की दाढी-मिशी चालणार नाही. गंमत म्हणजे ज्याचं नाव त्या पार्कला दिलं होतं, त्या वॉल्ट डिस्नेला तरुणपणापासून मिशी होती. म्हणजे तो स्वतः तिथे तिकीट फाडायच्या नोकरीसाठी गेला असता, तर त्याला आधी दाढी करून या म्हणून परत पाठवलं असतं! मिशी ठेवायची परवानगी तिथल्या कर्मचाऱ्यांना २००० साली मिळाली, दाढीची २०१२ मध्ये.

थीम पार्क म्हटलं की आपण तिकीट काढून आत गेलेल्या माणसाच्या बाजूने विचार करतो. पण त्याच जागेत हजेरी लावून आलेला माणूसही असतो. राइड तीच, गाणं तेच, पण एकाचा तो वर्षातला एकच दिवस असतो आणि दुसऱ्याचा मंगळवार. या दोन बाजू वेगळ्या करून मध्ये पक्की भिंत कशी घालायची, हे वॉल्टने शोधून काढलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला फ्रंटएंड आणि बॅकएंड म्हणतो, ते त्याने विटा-सिमेंटमध्ये बांधलं. त्याचं आयुष्य पाहिलं तर हे त्यालाच का सुचलं, ते बऱ्यापैकी कळतं. (तिथे शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्याला नुसतं वॉल्ट म्हणायचे, त्याचाच तसा आग्रह होता. म्हणून इथेही एकेरीच.)

पहाटे साडेतीनचा मुलगा

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ चा, शिकागोचा. वडील इलायस सुतारकाम करायचे. १८९३ साली शिकागोत जे प्रचंड जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्याच्या बांधकामावर त्यांनी मजुरी केली होती. लाखो लोक ते प्रदर्शन बघायला आले. इलायसने ते बघितलं ते हातात हातोडा घेऊन.

वॉल्ट चार-पाच वर्षांचा असताना कुटुंब मिसुरी राज्यातल्या मार्सेलिन नावाच्या छोट्या गावात शेती करायला गेलं. तिथली चारेक वर्षं त्याच्या डोक्यात कायमची बसली. पुढे शेती बसली आणि १९११ मध्ये सगळे कॅन्सस सिटीत आले. तिथे वडिलांनी वर्तमानपत्र वाटायची लाइन विकत घेतली आणि नऊ वर्षांच्या वॉल्टला आणि त्याच्या मोठ्या भावाला, रॉयला, कामाला लावलं. पहाटे साडेतीनला उठायचं, बर्फ असो की पाऊस, घरोघरी पेपर टाकायचा, मग शाळा, मग संध्याकाळचा अंक. वडील या कामाचे पैसे द्यायचे नाहीत. घरातलंच काम, त्याचे पैसे कसले, असा त्यांचा हिशोब. हे सहा वर्षं चाललं. मोठेपणी, जगप्रसिद्ध झाल्यावरही, एखाद्या घरी पेपर टाकायचा राहून गेलाय अशी स्वप्नं त्याला पडायची आणि तो दचकून उठायचा.

याच शहरात, घरापासून जवळच, इलेक्ट्रिक पार्क नावाची करमणुकीची बाग होती. हजारो बल्ब, आगगाडी, रोज रात्री आतषबाजी. विजेचे दिवे हीच तेव्हा बघायला जायची गोष्ट होती.

पंधराव्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने रेल्वेत फेरीवाल्याचं काम धरलं. डब्याडब्यातून फिरून पेपर, फळं, गोळ्या, सोडा विकायचा. प्रवासी फिरायला निघालेले आणि हा गणवेशात टोपली घेऊन त्यांच्यामधून वाट काढणारा. धंद्यात त्याला तोटाच झाला. रिकाम्या बाटल्या गायब व्हायच्या, फळं नासायची. पण आगगाडीचं वेड लागलं ते लागलंच.

थोडक्यात, या माणसाचं बालपण पाहुणा म्हणून फार कमी गेलं. दुसऱ्यांच्या सुट्टीत तो काम करत होता.

मिकी, मग संप

यानंतरचा भाग बहुतेकांना माहीत असतो, म्हणून पटापट. पहिलं महायुद्ध संपल्यावर रेड क्रॉसचा ड्रायव्हर म्हणून फ्रान्स. परत येऊन कॅन्सस सिटीत कार्टूनची कंपनी, १९२३ मध्ये तिचं दिवाळं. त्याच वर्षी हॉलिवूड, रॉयबरोबर नवा स्टुडिओ. १९२८ मध्ये ओस्वाल्ड हा ससा त्याच्या हातून गेला आणि बरेच चित्रकारही वितरकाकडे गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिकी माऊस आवाजासकट पडद्यावर आला. १९३७ मध्ये 'स्नो व्हाइट'. पैसा आला, बर्बँकमध्ये नवा कोरा स्टुडिओ उभा राहिला.

आणि १९४१ च्या मे महिन्यात त्याच स्टुडिओच्या दारात त्याचेच चित्रकार फलक घेऊन उभे राहिले. युनियनमध्ये पुढाकार घेणारा ॲनिमेटर आर्ट बॅबिट याला कामावरून काढलं होतं, हे तात्कालिक कारण. खरी कारणं जुनी होती. काहींना भरपूर पगार, तर शाई-रंग भरणाऱ्या मुलींना अगदी थोडा. आणि चित्रपटात बहुतेकांचं नावच येत नव्हतं. वर फक्त वॉल्ट डिस्ने.

संप कित्येक आठवडे चालला. वॉल्टला तो जिव्हारी लागला. तो दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना सरकारी मध्यस्थांनी तोडगा काढला आणि युनियनला मान्यता मिळाली. वॉल्टला मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की हे सगळं कम्युनिस्टांनी घडवलं, आणि १९४७ मध्ये त्याने अमेरिकन संसदेच्या समितीसमोर जाऊन तसं सांगितलंही. मला इथे वॉल्टची बाजू घेता येत नाही. पेपर टाकल्याचे पैसे न मिळालेला मुलगा मोठा झाला, मालक झाला आणि लोकांनी पगार मागितल्यावर त्याला घरच्यांनी दगा दिल्यासारखं वाटलं. वडिलांचाच हिशोब त्याच्याकडे आला, असं म्हटलं तर फार चूक नाही.

बाकावर बसलेला बाप

दर शनिवारी वॉल्ट आपल्या दोन मुलींना, डायन आणि शॅरनला, फिरायला न्यायचा. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात त्या लाकडी घोड्यांच्या मेरी-गो-राउंडवर बसायच्या आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसायचा. मुलांना मजा आणि मोठ्यांना कंटाळा, अशी ती जागा. शिवाय त्या काळच्या अमेरिकन जत्रा म्हणजे घाण, कचरा, उद्धट माणसं. अशी जागा स्वतः काढायची म्हटल्यावर बायको लिलियनने विचारलं की असलं घाणेरडं काही कशाला हवंय. त्याचं म्हणणं होतं की आपलं तसं नसेल, हाच तर मुद्दा आहे.

१९५० पर्यंत त्याने घराच्या अंगणात मूळ आकाराच्या एक अष्टमांश आकाराची, खरीखुरी वाफेवर चालणारी आगगाडी बसवली होती. तो इंजिनावर बसायचा, पाहुणे मागच्या डब्यांवर. घरच्या गाडीतही त्याने प्रवाशाची जागा घेतली नाही, हे लक्षात घ्या.

पार्कसाठी पैसे जमवताना त्याने आयुर्विम्यावर कर्ज काढलं. जागा शोधायचं काम त्याने स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला दिलं. लोकसंख्या कुठे सरकतेय, नवा हायवे कुठून जाणार, असा डेटा बघून त्यांनी अनाहाइमची संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन सुचवली. टीव्हीला सगळे सिनेमावाले शत्रू मानत होते, तेव्हा वॉल्टने एबीसी चॅनेलसाठी कार्यक्रम करायचं कबूल केलं आणि बदल्यात पार्कमध्ये गुंतवणूक मिळवली. खर्च १ कोटी ७० लाख डॉलरवर गेला.

१७ जुलै १९५५, रविवार. थेट प्रक्षेपण. आमच्या भाषेत लाँच डे, आणि सर्व्हर कोसळला! फक्त निमंत्रितांसाठी असलेल्या त्या दिवशी बनावट पासवर हजारो लोक घुसले, आकडा २८ हजारांच्या आसपास गेला. प्लंबरच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ किंवा संडास, यातलं एकच वेळेत पूर्ण होणार होतं. वॉल्टने संडास निवडले. ओल्या डांबरात बायकांच्या सँडलच्या टाचा रुतल्या. गॅस गळतीमुळे एक भाग बंद करावा लागला. कर्मचाऱ्यांनी त्या दिवसाला काळा रविवार असं नाव ठेवलं. टीव्हीवर मात्र वॉल्ट हसत फिरताना दिसत होता. घरी बसलेल्या प्रेक्षकाला यातलं फारसं काही कळलं नाही. फ्रंटएंड चालू होता. दोन महिने व्हायच्या आत दहा लाख लोक येऊन गेले.

विंगेत कोण, रंगमंचावर कोण

वॉल्टने पार्कभोवती मातीचा उंच बांध घातला आणि त्यावरून आगगाडी फिरवली. कारण आत आल्यावर बाहेरचे विजेचे खांब, रस्ते, मोटारी दिसता कामा नयेत. मुख्य रस्त्यावरच्या इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षा मुद्दाम लहान बांधले, म्हणजे त्या आहेत त्यापेक्षा उंच वाटतात. किल्ल्याचंही तेच. तो फक्त ७७ फूट उंच आहे, पण फोटोत कुणाला पटत नाही.

हे झालं दगड-विटांचं. माणसांचं काय? प्रशिक्षणासाठी व्हॅन फ्रान्स नावाचा अनुभवी माणूस नेमला गेला, मदतीला डिक न्यूनिस हा तरुण. त्यांच्याकडून एक नवी भाषा रुजली. गिऱ्हाईक म्हणायचं नाही, पाहुणा म्हणायचं. कर्मचारी म्हणजे नटसंचातला सभासद. गणवेश म्हणजे वेशभूषा. लोकांसमोरची जागा म्हणजे रंगमंच, बाकीची विंग. नाटकवेड्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. विंगेत बिडी ओढणारा शिपाई रंगमंचावर आला की महाराजच असतो. पार्कात फरक एवढाच की इथे प्रयोग तीन तासांचा नसून पूर्ण शिफ्टचा असतो आणि झाडूवालाही रंगमंचावरच असतो.

नटसंचातला सभासद म्हटल्याने पगार एक पैशाने वाढत नाही, हे उघड आहे. माझ्या मते या भाषेने दोन गोष्टी एकदम केल्या. झाडू मारणाऱ्याला ताठ उभं केलं, आणि थकलोय हे चेहऱ्यावर दिसू न देणं हाही कामाचाच भाग करून टाकला. १९४१ मध्ये लोक पडद्यावर नाव मागत होते. डिस्नेलँडमध्ये छातीवरच्या बिल्ल्यावर सुरुवातीला कर्मचारी क्रमांक असायचा, पुढे नाव आलं. फक्त पहिलं नाव, आडनाव नाही.

वॉल्ट स्वतः मात्र या दोन्ही बाजूंना ये-जा करायचा. मुख्य रस्त्यावरच्या अग्निशमन केंद्राच्या वर त्याने छोटं घर केलं होतं. पार्क उघडायच्या आधी सकाळी तो मोकळ्या रस्त्यांवर फिरायचा. दिवसा रांगेत उभा राहून लोक काय बोलतात ते ऐकायचा. साहेबांसाठी वेगळी ऑफिसची इमारत नको, असं त्याने ठणकावलं होतं. साहेबांनी बाहेर फिरावं, पाहुणे जिथे जेवतात तिथेच जेवावं.

यातला सगळ्यात बोलका किस्सा जंगल क्रूझ या बोटीच्या राइडचा आहे. पाहुण्याला वाटतं, टोपी घातलेला नावाडी बोट वळवतोय. खरं तर पाण्याखाली रूळ आहे आणि बोट त्यावरून जाते. नावाड्याच्या हातात फक्त वेग असतो. एक दिवस वॉल्ट साध्या पाहुण्यासारखा बसला. फेरी सात मिनिटांची ठरलेली होती, ती साडेचार मिनिटांत संपली. उतरल्यावर त्याने तेव्हा तिथे देखरेखीला असलेल्या न्यूनिसला गाठलं आणि विचारलं की सिनेमाला गेल्यावर मधलं एक रीळ कापून टाकलं तर कसं वाटेल. पैसे पूर्ण घेतले, पाणघोडे मात्र भुर्रकन गेले! मग न्यूनिसने स्टॉपवॉच घेऊन सगळ्या नावाड्यांची नव्याने तयारी करून घेतली. वॉल्ट पुन्हा आला, एकामागून एक अनेक बोटींत बसला, आणि समाधानाने गेला.

किस्सा नेहमी वॉल्टच्या कौतुकासाठी सांगतात, आणि तो पाहुणा म्हणून बरोबरच होता. पण बोटीतल्या त्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. सात मिनिटांची फेरी, चढ-उतार धरून तासाला पाच-सहा, म्हणजे दिवसभरात चाळीसेक वेळा तोच हत्ती, त्याच जागी तोच दचकल्याचा अभिनय. त्याचा अंगठा वेगाकडे नकळत जाणारच. समोर बसलेल्या लहान मुलासाठी मात्र तो हत्ती पहिल्यांदाच पाण्यातून वर येतोय.

न थकणारा नट

या अडचणीवर वॉल्टला यंत्र हे उत्तर सापडलं. जंगल क्रूझसाठी आधी त्याला खरे प्राणी हवे होते. पण खरे प्राणी दुपारी झोपतात, झाडीत लपतात. पाहुण्याने पैसे दिलेत हे त्यांना माहीत नसतं. म्हणून यांत्रिक प्राणी आले. पुढे न्यू ऑर्लिन्सहून त्याने आणलेला एक किल्लीचा पक्षी इंजिनिअरांनी खोलून बघितला आणि त्या कामातून ऑडिओ-ॲनिमॅट्रॉनिक्स हे तंत्र उभं राहिलं.

१९६३ मध्ये उघडलेल्या टिकी रूममध्ये शेकडो पक्षी, फुलं, मुखवटे गाऊ लागले. कॉम्प्युटर सगळीकडे पोचायच्या आधीचा हा काळ, त्यामुळे युक्ती बघण्यासारखी आहे. मॅग्नेटिक टेपवर गाण्याबरोबर वेगळ्या ट्रॅकवर ठरावीक स्वर रेकॉर्ड केलेले असायचे. तो स्वर वाजला की धातूची बारीक पट्टी थरथरायची, सर्किट जोडलं जायचं, झडप उघडून हवा सुटायची आणि पोपटाची चोच हलायची. चोच आणि आवाज एकाच टेपवर असल्याने ताल चुकायचा प्रश्नच नाही. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात याच तंत्राचा मोठा भाऊ आला: खुर्चीतून उठून भाषण करणारा अब्राहम लिंकन. सुरुवातीला तोही बिघडायचा, झटके दिल्यासारखे हात उडवायचा. पण दुरुस्त झाल्यावर दिवसाचा पहिला प्रयोग आणि शेवटचा प्रयोग सारखाच व्हायचा. त्याला चहाची सुट्टी लागत नव्हती, आणि १९४१ मधली ती माणसं जे मागत होती, ते तो कधीच मागणार नव्हता.

तरी माणसं लागतातच. डिस्नेलँडमध्ये अंतराळयुगाच्या विभागातून काउबॉयच्या वेशातला कर्मचारी चालत जाताना वॉल्टने पाहिला. बिचारा आपल्या कामाच्या जागी निघाला होता, दुसरा रस्ताच नव्हता. वॉल्टला ते खटकलं. फ्लोरिडात त्याने गुपचूप, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी, २७ हजार एकरांहून जास्त जमीन घेतली होती. तिथल्या नव्या पार्कमध्ये हे होऊ द्यायचं नव्हतं.

ते पार्क त्याला बघायला मिळालं नाही. तो प्रचंड सिगारेट ओढायचा, पण मुलांसमोर आणि कॅमेऱ्यासमोर ती दिसू नये याची काळजी घ्यायचा. त्याची स्वतःची विंग म्हणा हवं तर. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर निघाला आणि १५ डिसेंबरला, स्टुडिओसमोरच्याच हॉस्पिटलमध्ये, तो गेला. वय ६५. (त्याचं शरीर बर्फात गोठवून ठेवलंय हा फॉरवर्ड तुम्हालाही कधीतरी आला असेल. खोटा आहे. अंत्यसंस्कार झाले.)

निवृत्तीच्या वयातल्या रॉयने काम हातात घेतलं आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडाचं मॅजिक किंगडम उघडलं. त्यानंतर तीन महिनेही व्हायच्या आत रॉयही गेला. या पार्कच्या खाली कर्मचाऱ्यांसाठी बोगद्यांचं जाळं आहे, त्याला यूटिलिडॉर म्हणतात. फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं, म्हणून बोगदे जमिनीवरच बांधले, शेजारच्या तळ्याची काढलेली माती त्यावर टाकली आणि पार्क उभं केलं वर. म्हणजे पाहुणे रस्त्यावर चालतोय असं समजून प्रत्यक्षात दुसऱ्या मजल्यावर चालत असतात. खाली कपड्यांच्या खोल्या, कॅन्टीन, केबल, आणि व्हॅक्यूमने कचरा ओढून नेणारे पाइप. आपण वरच्या कोणत्या विभागाखाली आहोत हे कळावं म्हणून भिंतींना वेगवेगळे रंग.

आता या बोगद्यांचीही टूर निघते. पाहुण्यांनी वेगळे पैसे भरायचे आणि गाइडबरोबर खाली उतरून कर्मचारी कुठून चालतात ते बघायचं. वयाची अट १६ वर्षांची. फोन खिशात ठेवावा लागतो, खाली फोटो काढायला परवानगी नाही.